घरच्या सर्व्हरवरची माटोळी कोणाला पूर्ण दिसते, कोणाला नुसते रिकामे चौकोन

निरफणस | शुक्रवार, रात्री ९:४०

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय. जरा लांबण लागेल, पण नंतर "हे का नाही सांगितलं" असं व्हायला नको.

घर सावईवेऱ्याला, कुळागरात. घरी रास्पबेरी पाय ४ (छोटासा संगणक, पुढे नुसतं "पाय" म्हणतो), त्यावर एनजिनएक्स (वेब सर्व्हर), आणि त्यावर माझं हौसेचं काम: माटोळीला बांधतात त्या फळांची नोंदवही. कवंडळ, आंबाडे, घागऱ्यो, कांगलां, केवण, तोरिंग. प्रत्येकाचा फोटो, आमच्याकडचं नाव, पलीकडच्या गावातलं नाव, कोणत्या रानात मिळालं. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला ही फळं बांधतात, तिला माटोळी म्हणतात. कला आणि संस्कृती संचालनालय त्याची स्पर्धाही घेतं. त्यामुळे चवथ जवळ आली की या पानांवर वर्दळ वाढते.

मे महिन्यात जवळच वीज कोसळली आणि ओएनटी (फायबरची तार येते तो डबा), राउटर दोन्ही गेले. नवा ओएनटी कंपनीच्या माणसाने ब्रिज मोडवर (म्हणजे तो नुसता आरपार जाऊ देतो) लावून दिला. पीपीपीओईचं (कंपनीच्या जाळ्याशी जोडायची पद्धत) लॉगिन आता माझ्या स्वतःच्या राउटरवर आहे. त्यात ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारी मुक्त प्रणाली). भाच्याने सगळं बसवून दिलं आणि तो बंगळुरूला परत गेला. तेव्हापासून तऱ्हा अशी आहे.

घरातून साइट झटकन उघडते. फोंड्यात बहिणीच्या घरी फायबर आहे, तिथेही ठीक. मोबाइल डेटावरून कोणीही उघडो, ठीक. पण पुण्यातला चुलतभाऊ (केबलवालं इंटरनेट), पणजीतल्या मित्राचं ऑफिस आणि अबू धाबीतला मामेभाऊ या तिघांना मुखपृष्ठावरचं नाव आणि चार दुवे दिसतात, फोटोंच्या जागी रिकामे चौकोन. फळांची यादी उघडली तर कोरं पान, चक्र फिरतंय ते फिरतंयच. आणि एचटीटीपीएस लावून उघडलं तर मुखपृष्ठसुद्धा नाही.

पब्लिक आयपी आहे, ८० आणि ४४३ पोर्ट पायकडे वळवलेले आहेत, डायनॅमिक डीएनएस (बदलत्या आयपीला नाव जोडणारी सेवा) बरोबर आयपी दाखवतोय. अपलोडचा वेग मोजला तर ४० एमबीपीएस, म्हणजे ठरल्याप्रमाणे. कस्टमर केअरने राउटर बंद-चालू करायला सांगितलं, ते करून झालं.

सुकाबांगडा | शुक्रवार, रात्री ९:५५

फोटो कितीचे आहेत? फोनमधून काढले तसेच चढवले असतील तर अबू धाबीवाल्याला माटोळी विसर्जनानंतरच दिसणार.

निरफणस | शुक्रवार, रात्री १०:०२

मोठे आहेत, कबूल. तीन-चार एमबीचा एकेक. पण कोपऱ्यातलं २० केबीचं चित्रसुद्धा पुण्यात उतरत नाही. आणि मोबाइल डेटावर तेच मोठे फोटो येतात की!

ढगफुटी | शुक्रवार, रात्री १०:२०

घरी सर्व्हर ठेवायची हौस कशाला? पाऊस, वीज, झाडं पडतात, केबल तुटते. महिन्याला चार-पाचशे रुपयांत व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) मिळतो. उचला आणि टाका क्लाउडवर.

निरफणस | शुक्रवार, रात्री १०:३१

बाब, धाग्याचं नाव वाचा. क्लाउडवर टाकायचं असतं तर कधीच टाकलं असतं. घरचं आहे, इन्व्हर्टरवर आहे, फोटो माझ्या डिस्कवर आहेत, मला तसंच हवंय.

खाजन | शुक्रवार, रात्री ११:१०

मी बेतूलकडचा, समुद्र पायाशी. आमच्याकडे असलं काही झालं की मी आधी वायर बघतो. खाऱ्या हवेने आरजे-४५ च्या पिना हिरव्या पडतात, मग गिगाबिटची जोडणी खाली १०० वर किंवा १० वर येते, कधी हाफ डुप्लेक्स होते. पायवर इथटूल चालवून स्पीड आणि डुप्लेक्स बघा. दुसरं, पायचा अडाप्टर. व्हीसीजेनकमांडला गेट-थ्रॉटल्ड विचारा. उत्तर शून्य आलं तर ठीक, ५०००५ सारखं काही आलं तर व्होल्टेज कमी पडतंय. स्वस्तातला मोबाइलचा चार्जर लावला की हे हमखास होतं.

निरफणस | शुक्रवार, रात्री ११:३५

इथटूल: १००० एमबी, फुल डुप्लेक्स. थ्रॉटल शून्य. आमच्याकडे खारी हवा नाही, बुरशी मात्र मुबलक.

रातांबा | शनिवार, सकाळी ७:५०

माझंही अगदी हेच! साखळीहून लिहितोय. गावच्या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी घरच्या जुन्या डेस्कटॉपवर ठेवलीय. पायथनमधलं छोटं ॲप, पुढे एनजिनएक्स. बाहेरून उघडलं की यादी मध्येच संपते, "ज"पर्यंत येते आणि खलास. निरफणस, तुमचं सुटलं की मलाही सांगा.

जुना_मोडेम | शनिवार, सकाळी ९:१५

रातांबा, तुमचं आणि निरफणस यांचं एक नाही, असं मला वाटतंय. म्हणून दोघांनाही आधी एकच विचारतो: पान अडकतं की तुटतं?

अडकणं म्हणजे चक्र फिरत राहतं, ब्राउझर तक्रार करत नाही, जोडणी जिवंत असते पण पुढचे बाइट येत नाहीत. तुटणं म्हणजे थोडं पान येतं आणि जोडणी बंद होते. डेव्हलपर टूल्स उघडलं तर तिथे लाल अक्षरांत "इनकम्प्लीट चंक्ड एन्कोडिंग" किंवा "कंटेंट लेंग्थ मिसमॅच" असं काहीतरी असतं. लोक दोन्हीला "अर्धं पान" म्हणतात. अडकत असेल तर वाटेत शोधा, तुटत असेल तर सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये शोधा. इथे गल्लत झाली की माणूस आठवडाभर भलत्याच ठिकाणी खोदत बसतो.

निरफणस, तुमचं अडकतंय हे तुमच्या लिहिण्यावरूनच कळतं. आणि तुमची कोणाला दिसतं-कोणाला नाही ही यादी फार कामाची आहे. वेगाचा किंवा अंतराचा प्रश्न असता तर फोंडा चालून पणजी अडली नसती. मला वाटेतल्या पॅकेटच्या आकाराचा संशय येतोय. तीन गोष्टी करून सांगा. कमांड मी देवनागरीत टंकतोय, तुम्ही टर्मिनलमध्ये रोमीतच टाका.

घरातल्या विंडोज लॅपटॉपवरून बाहेरच्या कुठल्याही चालू आयपीला पिंग, "एफ" पर्याय लावून म्हणजे पॅकेट फोडायचं नाही असं बजावून, आकार १४७२. मग १४६४.

त्यानंतर पायवरून साधं पिंग.

आणि पुण्याच्या चुलतभावाला तुमच्या एचटीटीपीएस पत्त्यावर कर्ल चालवायला सांगा, "व्ही" पर्याय लावून. शेवटची ओळ कोणती येते ते बघायचं.

निरफणस | शनिवार, सकाळी ११:४०

केलं.

लॅपटॉप: १४७२ ला "पॅकेट नीड्स टू बी फ्रॅगमेंटेड" असं येतं. १४६४ ला व्यवस्थित उत्तर.

पाय: काहीच परत येत नाही. कुठलाही आकार द्या, कोणाचाही पत्ता द्या, १०० टक्के लॉस. पण पायवर अपडेट वगैरे छान उतरतात, म्हणजे इंटरनेट आहे.

चुलतभाऊ: "क्लायंट हेलो" ही ओळ येते आणि पुढे शुकशुकाट.

आणखी एक सांगायचं राहिलं. राउटर बदलल्यापासून लॅपटॉपवर एक-दोन साइट उघडायला रडतात, त्यात एका बँकेची. मला वाटलं बँकेचंच काही असेल.

जुना_मोडेम | शनिवार, दुपारी १२:३०

मिळालं. सविस्तर लिहितो, कारण या विषयावर मराठीत फारसं सापडत नाही.

इथरनेटवर एका पॅकेटची कमाल लांबी १५०० बाइट. तिला एमटीयू म्हणतात. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटवर स्वतःचे ८ बाइट चढवतं, त्यामुळे तुमच्या पॅकेटला उरतात १४९२. लॅपटॉपच्या पिंगने तेच सांगितलं: १४६४ अधिक शीर्षकांचे २८, बरोबर १४९२. हे १९९९ पासून, म्हणजे पीपीपीओईचं मानक आलं तेव्हापासूनचं गणित आहे. त्यात बिघाड काही नाही.

आता जोडणी जुळताना दोन्ही बाजू एकमेकांना सांगतात की मला एका वेळी एवढा तुकडा पाठव. याला एमएसएस म्हणतात. पूर्ण १५०० च्या जाळ्यावर बसलेला पुण्याचा चुलतभाऊ सांगतो १४६० (१५०० वजा शीर्षकांचे ४०). तुमचा पाय घरच्या इथरनेटवर आहे, त्यालाही १५०० च माहीत. तो विश्वासाने पूर्ण १५०० चं पॅकेट बनवतो आणि "फोडू नये" असा शिक्का मारून पाठवतो. राउटरला ते १४९२ च्या वाटेवर घालता येत नाही. तो पॅकेट टाकून देतो आणि पायला निरोप धाडतो: फार मोठं आहे, १४९२ चं कर. हा निरोप आयसीएमपीने (जाळ्यातले निरोप आणि पिंग ज्याने जातात ती पद्धत) जातो, प्रकार ३, कोड ४. पायने तो वाचला तर पुढचा तुकडा लहान करून पाठवतो, आणि कोणाला काही कळतही नाही. ही पद्धत १९९० च्या आरएफसी ११९१ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) मध्ये लिहून ठेवलीय.

फेरीबोटीवर मोठा ट्रक घेत नाहीत, धक्क्यावरचा माणूस सांगतो की माल लहान टेम्पोत भरून आण. इथे तो सांगतोय, पण ट्रकवाल्याने कानात बोळे घातलेत. तो तोच ट्रक पुन्हा पुन्हा धक्क्यावर आणतोय.

बोळे म्हणजे पायवरचा फायरवॉल. पिंगचं उत्तरसुद्धा आत येत नाही, याचा अर्थ तिथे आयसीएमपी सरसकट अडवलेलं आहे.

आता तुमच्या यादीकडे बघा. फोंड्यातल्या बहिणीचं फायबरही पीपीपीओईचंच असणार. तिचा राउटर तिच्या वतीने आधीच १४५२ सांगतो, म्हणून पाय तिला लहान तुकडे पाठवतो. बऱ्याच मोबाइल जाळ्यांवर मर्यादा १५०० पेक्षा कमीच असते, तेही आपोआप वाचतात. ज्यांचं जाळं चांगलं, पूर्ण १५०० चं, नेमके तेच अडकतात!

मुखपृष्ठ का दिसतं? त्यात चार ओळी आहेत आणि जीझिपने दाबून ते हजारेक बाइटांत बसत असेल. एकाच लहान पॅकेटमध्ये जातं. फळांची यादी मोठी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात, शिवाय काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे मराठी पान दिसतं त्यापेक्षा जड असतं. ते एका पॅकेटात मावत नाही. आणि एचटीटीपीएसमध्ये पानाच्याही आधी सर्व्हरचं प्रमाणपत्र जातं, तेच दोन-तीन हजार बाइटांचं असतं. म्हणून "क्लायंट हेलो" नंतर शुकशुकाट.

सुकाबांगडा | शनिवार, दुपारी १२:४४

फेरीचं पटलं. आमच्या दिवाडीच्या धक्क्यावर ऐकूनही न ऐकणारे रोज दिसतात.

पुणेरी_पॅकेट | शनिवार, दुपारी १:२०

जुना_मोडेम यांचं निदान योग्य आहे, पण पुरावा हवा. पायवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावा आणि चुलतभावाला पान उघडायला सांगा. दोन गोष्टी दिसायला हव्यात. तोच तुकडा पुन्हा पुन्हा जाताना, दर वेळी मधली थांबण्याची वेळ दुप्पट होत. आणि राउटरकडून "नीड टू फ्रॅग, एमटीयू १४९२" असा निरोप येताना. टीसीपीडम्प फायरवॉलच्या आधी बघतो, त्यामुळे फायरवॉल टाकून देत असला तरी निरोप पोचलेला दिसेल.

निरफणस | शनिवार, दुपारी ३:०५

अगदी तसंच! १४४८ बाइटचा एकच तुकडा, आधी पाव सेकंदाने, मग अर्ध्या, मग एक, मग दोन... आणि प्रत्येक वेळी राउटरचा निरोप, एमटीयू १४९२. पण पाय ढिम्म. १४४८ का, १४६० का नाही?

पुणेरी_पॅकेट | शनिवार, दुपारी ३:१२

१२ बाइट टाइमस्टॅम्पचे जातात. १४४८ अधिक १२ अधिक ४०, झाले १५००. आणि हे लवकर थांबणार नाही. लिनक्स मूळ सेटिंगवर तोच तुकडा १५ वेळा पाठवतो, शेवटी हार मानायला पंधरा-सोळा मिनिटं लागतात. तोवर तुमच्या भावाने ब्राउझर बंद केलेला असतो.

ढगफुटी | शनिवार, दुपारी ३:४०

एवढं कशाला? पायवर एमटीयू १४०० करा आणि मोकळे व्हा. सगळीकडे हेच सांगतात.

जुना_मोडेम | शनिवार, दुपारी ४:१०

ढगफुटी, तपासण्यापुरतं तुमचं म्हणणं योग्य आहे, फक्त आकडा १४९२ ठेवू. निरफणस, पायवर "आयपी लिंक सेट" ने इथरनेटचा एमटीयू १४९२ करा. पाय पुन्हा सुरू झाला की हे जातं, त्यामुळे भीती नाही. चुलतभावाला पान दिसलं तर निदानावर शिक्का.

पण कायमचा उपाय तो नाही. उद्या घरात दुसरा सर्व्हर ठेवला की पुन्हा तेच. आणि लॅपटॉपवरची बँकेची साइट? ती पायवर काही केलं तरी सुधारणार नाही. मूळ राउटरवर आहे.

निरफणस | शनिवार, सायंकाळी ५:२५

दिसलं! पुण्यात फळांची यादी आली, फोटो एकेक करून उतरतायत. एचटीटीपीएसही चालतंय. आता राउटरवर काय करू ते सांगा.

जुना_मोडेम | शनिवार, सायंकाळी ५:५०

ओपनडब्ल्यूआरटीचं वेबपान उघडा, नेटवर्कमध्ये फायरवॉल. तिथे झोनची यादी दिसेल. पीपीपीओईचा इंटरफेस कोणत्या झोनमध्ये आहे ते बघा आणि त्या ओळीतल्या "एमएसएस क्लॅम्पिंग" (राउटरने एमएसएसचा आकडा कापून लहान करणं) या चौकोनात टिक आहे का ते सांगा.

निरफणस | शनिवार, सायंकाळी ६:०४

"फायबर" नावाचा वेगळा झोन आहे, भाच्याने बनवलेला दिसतोय. मास्करेडिंगला टिक आहे, एमएसएस क्लॅम्पिंगला नाही. मूळचा "वॅन" झोन रिकामा पडलाय, त्याला मात्र दोन्ही टिक आहेत.

जुना_मोडेम | शनिवार, सायंकाळी ६:१५

हेच. मूळच्या वॅन झोनला ती टिक आधीपासून असते, नवा झोन काढला की आपण द्यावी लागते. तुमच्या जळालेल्या ओएनटीत पीपीपीओई तोच करत होता आणि एमएसएसही तोच कापत होता, म्हणून इतकी वर्षं काही जाणवलं नाही. टिक द्या, सेव्ह-अप्लाय करा, आणि पायचा एमटीयू पुन्हा १५०० करून तपासा. नाहीतर कशाने सुटलं ते कळणार नाही.

पुणेरी_पॅकेट | शनिवार, सायंकाळी ६:४०

इथे एक बारीक गोष्ट. ओपनडब्ल्यूआरटी नसलेल्यांनीही हे वाचावं. एमएसएस प्रत्येक दिशेला वेगळं असतं. बाहेरून येणाऱ्या पहिल्या पॅकेटमधलं १४६० कापून १४५२ केलं तर आपला सर्व्हर लहान तुकडे पाठवतो. घरातून जाणाऱ्या पॅकेटमधलं कापलं तर समोरचा आपल्याला लहान तुकडे पाठवतो. साध्या सर्फिंगसाठी दुसरं पुरतं, कारण तिथे मोठे तुकडे आपल्याकडे येत असतात. घरी सर्व्हर ठेवणाऱ्याला पहिलंच महत्त्वाचं.

काही राउटर फक्त जाणाऱ्या दिशेला कापतात. तिथे सर्फिंग सुरळीत असतं, घरचा सर्व्हर मात्र बाहेरच्यांना अडकतो, आणि मालकाला पटतच नाही की राउटरचा दोष असेल. ओपनडब्ल्यूआरटीची २२.०३ पासूनची फायरवॉल दोन्ही दिशांना कापते. हाताने आयपीटेबल्स लिहिणाऱ्यांनी मँगल टेबलात, फॉरवर्ड साखळीत, "क्लॅम्प एमएसएस टू पीएमटीयू" हा नियम लिहावा आणि दोन्ही दिशांनी टीसीपीडम्प लावून खात्री करावी.

निरफणस | शनिवार, रात्री ८:३०

टिक दिली. पायचा एमटीयू १५०० वर परत. पुणे, पणजी, अबू धाबी तिन्हीकडून फोन आले. बँकेची साइटही न रडता उघडली. देव बरें करूं, मंडळी.

पायच्या फायरवॉलचं काय करू? तिथे वरच आयसीएमपी ड्रॉप असा नियम आहे, खाली "एस्टॅब्लिश्ड, रिलेटेड" असल्यास आत घे असा.

जुना_मोडेम | शनिवार, रात्री ९:००

वरचा नियम काढा. "मोठं पॅकेट" हा निरोप चालू जोडणीशी संबंधित असतो, तो "रिलेटेड" मध्ये आपोआप बसतो. तुमच्या फायरवॉलला ते येतं, पण वरच्या ओळीने त्याच्यापर्यंत पोचूच दिलं नाही. पिंगला उत्तर द्यायचं नसेल तर फक्त एको रिक्वेस्ट अडवा, सगळं आयसीएमपी नको. यूएफडब्ल्यू (लिनक्सवरचं सोपं फायरवॉल) वापरणाऱ्यांना ही काळजी नाही, त्याच्या मूळ नियमांत "डेस्टिनेशन अनरीचेबल" ला वाट दिलेली असते.

आयसीएमपी म्हणजे हल्लेखोरांची खिडकी, ती बंद ठेवावी, हा समज कुठून आला देव जाणे, पण जात नाही. इंटरनेटवर तयार मिळणाऱ्या फायरवॉलच्या स्क्रिप्टांत ती ओळ अजून दिसते. २००० साली आरएफसी २९२३ ने या त्रासाबद्दल स्वतंत्र लिहिलंय.

क्लॅम्पिंग झाल्यावर हे कशाला, असं कोणी म्हणेल. क्लॅम्पिंगला तुमच्या दारातला अडथळा माहीत असतो, पुढे वाटेत कुठे १४०० चा बोगदा (व्हीपीएनसारखी जोडणी) लागला तर तो निरोप पायपर्यंत पोचायलाच हवा. अगदी शेवटचा आधार म्हणून कर्नलमधलं "टीसीपी एमटीयू प्रोबिंग" १ करून ठेवा. निरोप हरवला तरी दोन-चार वेळा अडकल्यावर लिनक्स स्वतःच लहान तुकडा पाठवून बघतो. मूळ सेटिंगमध्ये ते शून्य असतं.

रातांबा | शनिवार, रात्री ९:२०

आता माझ्याकडे बघा कोणीतरी. माझं तुटतंय. डेव्हलपर टूल्समध्ये "इनकम्प्लीट चंक्ड एन्कोडिंग". घरच्या वायफायवर मात्र पूर्ण यादी येते.

पुणेरी_पॅकेट | शनिवार, रात्री ९:२८

एनजिनएक्सच्या एरर लॉगच्या शेवटच्या काही ओळी?

रातांबा | शनिवार, रात्री ९:३६

एकच ओळ भरभरून आहे. प्रॉक्सी नावाच्या फोल्डरमधली फाइल उघडता आली नाही, "१३: परमिशन डिनाइड, व्हाइल रीडिंग अपस्ट्रीम".

पुणेरी_पॅकेट | शनिवार, रात्री ९:५०

झालं. तुमच्या ॲपकडून आलेलं पान एनजिनएक्स आधी मेमरीत धरतो. मूळ सेटिंगला ८ बफर, प्रत्येकी ४ किंवा ८ केबी. घेणारा हळू असेल आणि पान त्यापेक्षा मोठं असेल तर उरलेलं डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलीत लिहितो. त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नसेल तर पान तिथेच तोडतो. घरच्या वायफायवर ब्राउझर इतक्या भराभर उचलतो की डिस्कवर लिहायची वेळच येत नाही, म्हणून घरी पूर्ण आणि बाहेर "ज"पर्यंत.

मधल्या काळात एनजिनएक्स कोणत्या युजरने चालवायचा ते बदललंत का? त्या फोल्डरची मालकी आत्ताच्या युजरला द्या आणि एनजिनएक्स पुन्हा सुरू करा. १३ च्या जागी २८ असतं तर डिस्क भरली असा अर्थ. तेव्हाही पान असंच तुटतं.

रातांबा | शनिवार, रात्री १०:१५

हो, युजर बदलला होता, दुसऱ्याच कामासाठी. मालकी दिली. "ज्ञ"पर्यंत आलं!

सुकाबांगडा | रविवार, सकाळी ८:१०

निरफणस, आता माझा पहिला प्रश्न परत. फोटोंचं काय?

निरफणस | रविवार, सकाळी ८:४५

तुमचं आता खरं ठरतंय. अडकत नाही, पण सावकाश येतं. यादीच्या पानावर ४८ फोटो, सरासरी ३ एमबी धरले तर १४४ एमबी. ४० एमबीपीएसने सगळी वाट एकट्याला मिळाली तरी अर्धा मिनिट. तिघांनी एकदम उघडलं तर दीड मिनिट.

सुकाबांगडा | रविवार, सकाळी ९:०५

यादीत मूळ फोटो कशाला? तिथे ४०० पिक्सेल रुंदीची वेबपी प्रत, २०-३० केबीत होते. दाबल्यावर १६०० ची. मूळ फोटो हवा त्याला वेगळा दुवा. आणि इमेज टॅगला लोडिंग-लेझी लावा, शिवाय रुंदी-उंची लिहा, नाहीतर फोटो येताना पान वर-खाली उड्या मारतं. इमेजमॅजिकने एका फटक्यात सगळं फोल्डर होतं. पायवर रात्रभर चालू ठेवा, कार्डावर न लिहिता यूएसबी डिस्कवर लिहा.

खाजन | रविवार, सकाळी ११:२०

मी आपला सहज माझ्या राउटरवर बघितलं. टिक आहे. पण माझ्याकडे आयपीव्ही६ पण चालू आहे, त्याला हे लागतं का?

जुना_मोडेम | रविवार, दुपारी १२:०५

लागतं, आणि तिथे जास्त सांभाळायचं. आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर पॅकेट कधीच फोडत नाही, "पॅकेट टू बिग" हा निरोपच सगळं चालवतो. तो आयसीएमपीव्ही६ चा प्रकार २. तो अडवलात तर इथल्यासारखंच अडकेल. क्लॅम्पिंगची तीच टिक आयपीव्ही६ लाही लागू होते, फक्त तिथे शीर्षक २० बाइटने मोठं, म्हणून आकडा १४५२ ऐवजी १४३२ दिसेल. वायरगार्ड (व्हीपीएन) वापरत असाल तर त्याचा मूळ एमटीयू १४२० असतो. पीपीपीओईवरून, आणि बोगद्याची बाहेरची वाट आयपीव्ही६ ची असेल तर तो १४१२ करा.

खाजन | रविवार, दुपारी १२:३०

वायरगार्ड आहे, मडगावच्या दुकानाशी जोडलेला. कॅमेऱ्याचं चित्र मधूनमधून गोठतं त्याचं कारण हे असेल का बघतो. गोठलं तर नवीन धागा काढतो, इथे नको.